आईचे दूध आणि वरचे दूध : दोन्ही देताना बाळाचे पोट कसे सांभाळावे

आपल्या मंडळाच्या परिवारात दरवर्षी बऱ्याच घरांत पाळणा हलतो. कुणाची लेक बाळंतपणासाठी पुण्याहून, बंगळूरहून इंदूरला माहेरी येते, तर कुणाची सून इथेच राजेंद्र नगरात किंवा लोकमान्य नगरात असते. बारशाच्या आधीच घरात एक प्रश्न उभा राहतो : बाळाला दूध पुरते आहे का? उत्तरे चारही बाजूंनी येतात. एक जण गाईचे दूध पाणी घालून द्या म्हणते, दुसरी डब्याचे नाव सुचवते, तिसरी वरचे दूध मुळीच देऊ नका असे बजावते. बाळाची आई मात्र या सगळ्यांच्या मध्ये गोंधळून जाते.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य बँकेत, आकडे जुळवण्यात गेले. घरात नातवंडे आली तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारून, जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचना वाचून जी टिपणे काढली, ती इथे नीट लावून देत आहोत. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. पण डॉक्टरांकडे जाताना काय विचारायचे आणि घरी आल्यावर काय पाहायचे, हे यातून कळावे.

सांगायची मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गरज असेल तेव्हा वरचे दूध देण्यात कोणताही दोष नाही. मात्र ते आईच्या दुधात पडलेली तूट भरून काढण्यासाठी, मोजून आणि उकळलेल्या पाण्यात द्यायचे असते. या तीन गोष्टी पाळल्या तर दोन्ही दुधांवर बाळ उत्तम वाढते. त्या सुटल्या, तर पोटाच्या तक्रारी सुरू होतात आणि आईचे दूधही हळूहळू आटत जाते.

आधी मूळ नियम

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, आणि सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांच्या आतील ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. म्हणजे शंभरातल्या छत्तीस बाळांना पाणी, गाईचे दूध, डब्याचे दूध किंवा आणखी काही मिळत होते. आपल्या परिवारातही अशी घरे असणार. त्यांना उपदेशापेक्षा नेमकी माहिती जास्त उपयोगी पडेल.

वरचे दूध खरोखर केव्हा लागते

बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, वजन फार कमी असेल, रक्तातील साखर उतरत असेल, जन्मानंतर वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, जुळी असतील आणि दूध पुरत नसेल, तर डॉक्टर वरचे दूध सुचवतात. आईच्या बाजूनेही कारणे असतात : बाळंतपणात फार रक्तस्राव होणे, थायरॉइडचा त्रास, स्तनाची पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, गंभीर आजार किंवा काही विशिष्ट औषधे. अशा वेळी वरचे दूध हा उपचाराचाच भाग असतो. त्याबद्दल आईला टोचून बोलणे अन्यायाचे आहे.

मात्र बऱ्याचदा तूट नसतानाच तूट आहे असे वाटते. सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो. साधारणपणे दूध दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरते. त्याआधी येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावते तरी किती? एका वेळी पाच-सात मिलिलिटर, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा. चीक तेवढा पुरतो, आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच सर्वाधिक असतात.

पुढेही काही गोष्टींनी घरातले घाबरतात. बाळ संध्याकाळी तास-तासाला पिते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास अचानक जास्त मागते, आईची छाती पूर्वीसारखी भरलेली वाटत नाही, पंपाने थोडेच दूध निघते. यातले एकही लक्षण दूध कमी असल्याचा पुरावा नाही. वाढीच्या टप्प्यावर बाळ जास्त पिऊन आईच्या शरीराकडे जास्त दुधाची मागणी नोंदवत असते. त्याच वेळी बाटली पुढे केली, तर ती मागणी आईपर्यंत पोचतच नाही.

खरा पुरावा दोन ठिकाणी मिळतो : लंगोटात आणि वजनकाट्यावर. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिक्या रंगाची लघवी होणे, दोन आठवड्यांच्या आत जन्माचे वजन परत येणे, आणि त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढणे, असे असेल तर बाळाला पुरेसे मिळते आहे.

बाळाच्या पोटात काय घडते

आईच्या दुधात साखर आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल एका वेगळ्याच प्रकारच्या शर्करांचे प्रमाण असते. गंमत अशी की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या बिफिडो नावाच्या उपयुक्त जंतूंचे खाद्य आहेत. हे जंतू वाढले की आतड्यात आम्लता वाढते आणि जुलाब घडवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. शिवाय आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये आतड्याच्या आतल्या बाजूला लेप दिल्यासारखी पसरतात. आईला ज्या घरात, ज्या गावात राहून ज्या जंतूंशी सामना करावा लागला, त्यांच्याविरुद्धची तयारी अशी बाळाला मिळते.

डब्याचे दूध गाईच्या दुधापासून बनवतात. त्यातली प्रथिने आणि क्षार बाळाला झेपतील इतके कमी केलेले असतात, लोह आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. बाळाचे पोषण त्यावर होते. पण आईच्या दुधातल्या जिवंत पेशी आणि प्रतिद्रव्ये डब्यात भरता येत नाहीत. डब्याचे दूध पचायला थोडा अधिक वेळ घेते, म्हणून ते पिऊन बाळ जास्त वेळ झोपते. त्यावरून त्याचे पोट आधी रिकामे राहत होते, असा अर्थ काढू नये.

दोन्ही दुधे घेणाऱ्या बाळाच्या आतड्यातले जंतू या दोन्हींच्या मधले असतात. आईचे दूध जितके जास्त, तितके संरक्षण जास्त. म्हणून 'आता डबा सुरू झालाच आहे, मग अंगावर पाजून काय उपयोग' हा विचार चुकीचा आहे. दिवसातून तीन-चार वेळा पाजले तरी त्याचा उपयोग आहेच.

आधी अंगावर, मग वाटी

दूध मागणीप्रमाणे तयार होते. स्तन जितक्या वेळा रिकामे होतात, तितके नवे दूध बनते. भरलेले राहिले की शरीर उत्पादन कमी करते. म्हणून दोन्ही दुधे देताना क्रम महत्त्वाचा आहे.

१. प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजावे. एक बाजू पूर्ण झाली की दुसरी द्यावी.
२. त्यानंतरही बाळ भुकेले असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचे वरचे दूध द्यावे.
३. अंगावर पाजण्याची वेळ चुकवून पूर्ण वेळचे वरचे दूध दिले, तर त्या सुमारास आईने हाताने किंवा पंपाने दूध काढावे.
४. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे किंवा काढणे व्हावे.
५. रात्रीचे पाजणे सोडू नये. दूध बनवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते. 'सूनबाईला झोपू दे, रात्री आम्ही बाटली देतो' यामागची माया खरी असते, पण रोज पूर्ण रात्र असे केले तर दूध उतरणे कमी होते. त्यापेक्षा दिवसा बाळाला सांभाळून तिला दोन तास झोपू द्यावे.

काढलेले आईचे दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात चोवीस तास ठेवता येते. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, ते बाहेर ठेवूच नये. गरम पाण्याच्या वाटीत भांडे ठेवून कोमट करावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. आईचे काढलेले दूध आणि डब्याचे दूध शक्यतो एकत्र करू नये. आधी आईचे संपू द्यावे, म्हणजे उरले तर डब्याचे टाकावे लागेल, आईचे वाया जाणार नाही.

किती द्यावे : एक साधा हिशेब

केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या बाळाला पहिल्या काही महिन्यांत (पहिला आठवडा सोडून) दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. म्हणजे चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर. आता समजा डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा ३० मिलिलिटर वरचे दूध सांगितले. ते होते १२०. म्हणजे वरचे दूध साधारण वीस टक्के, आणि बाळ नीट वाढत असेल तर उरलेले ऐंशी टक्के आई देते आहे! तरीही घरात 'हिला दूधच नाही' असे म्हटले जाते. हा हिशेब प्रत्येक आजी-आजोबांनी एकदा कागदावर मांडून पाहावा, आणि मग सुनेला किंवा लेकीला दाखवावा.

घरात एक साधी वही ठेवावी. पाजल्याची वेळ, वरचे दूध किती मिलिलिटर, लघवी किती वेळा, शी केव्हा आणि कशी, आणि आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन. चार दिवसांची वही पाहून डॉक्टरांना जे कळते, ते 'सारखे रडते हो' या वाक्यातून कळत नाही. वजन चांगले वाढत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध थोडे-थोडे कमी करता येते. ते एकदम बंदही करू नये आणि स्वतःच्या मनाने वाढवूही नये.

पाणी : सर्वांत मोठा धोका

डब्याच्या दुधाच्या प्रत्येक वाटीत बहुतांश पाणीच असते, त्यामुळे पाण्यातला दोष थेट बाळाच्या पोटात जातो. जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरला आले त्याला आता जवळपास पाच दशके होत आली. स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. पण रस्ता स्वच्छ दिसला म्हणून जमिनीखालची जलवाहिनी स्वच्छ आहे असे होत नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या नळात दूषित पाणी आले. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. मृतांमध्ये एक तान्हे बाळही होते. त्याला दिल्या जाणाऱ्या वरच्या दुधात नळाचे पाणी मिसळले जात होते, असे तेव्हा बातम्यांत आले. त्या घराला दोष देण्याचे कारण नाही. घरात आलेले पिण्याचे पाणी त्यांनी विश्वासाने वापरले. पण त्यापासून आपण सर्वांनी एक गोष्ट कायमची शिकावी : बाळाच्या दुधात न उकळलेले पाणी कधीही घालायचे नाही, मग ते नर्मदेचे असो, बोअरिंगचे असो, टँकरचे असो की बाटलीबंद.

आरओ यंत्राचे पाणीही उकळावेच. यंत्राची टाकी आणि तोटी निर्जंतुक नसते. पाण्याला खळखळून उकळी फुटू द्यावी आणि नंतर ते झाकून ठेवावे. पाण्याला वास येत असेल किंवा ते गढूळ असेल, तर ते उकळूनही वापरू नये.

दूध तयार करण्याची रीत

डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, हे पुष्कळांना माहीत नसते. तिच्यात क्वचित साल्मोनेला किंवा क्रोनोबॅक्टर हे जंतू असू शकतात, आणि लहान बाळासाठी ते घातक ठरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ७० अंश सेल्सिअसहून कमी नसलेल्या पाण्यात पावडर मिसळायला सांगितले आहे.

१. साबणाने हात धुवावेत. वाटी, चमचा किंवा बाटली धुऊन, पाण्यात बुडवून उकळून घ्यावी.
२. ताजे पाणी उकळावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे, म्हणजे ते पुरेसे गरम राहते.
३. आधी मोजून पाणी घ्यावे, मग पावडर घालावी. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे माप असते, पण आपल्या डब्यावरचेच माप धरावे. चमचा त्याच डब्यातला हवा, दाबून किंवा शीग लावून भरलेला नको.
४. विरघळल्यावर भांडे थंड पाण्यात धरून निववावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. कोमट लागले पाहिजे.
५. तयार केलेले दूध दोन तासांत संपवावे. बाळाच्या तोंडाला लागलेले उरलेले दूध टाकून द्यावे, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

काही डब्यांत उपयुक्त जंतू घातलेले असतात आणि त्यांवर कमी तापमानाचे पाणी सांगितलेले असते. अशा वेळी बाळ दोन महिन्यांच्या आतले किंवा कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे.

डबा महाग असतो, म्हणून कुठे कुठे पाणी जास्त घालून तो पुरवला जातो. हे अतिशय धोक्याचे आहे. पातळ दुधाने बाळाचे पोट भरते, पण पोषण होत नाही, आणि रक्तातले सोडियम घसरून झटकेही येऊ शकतात. उलट 'अंग धरावे' म्हणून एक चमचा जास्त घातला तर मलावरोध होतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. दुधात साखर, बिस्किट, नाचणीसत्त्व घालू नये.

बाटली की वाटी-चमचा

आपल्या आज्या बोंडल्याने दूध पाजत. आजचे डॉक्टरही लहान बाळाला वाटी-चमच्याने पाजायला सांगतात, त्याला कारण आहे. बाटलीच्या बुचात आणि आट्यांत दूध अडकून जंतू वाढतात. वाटी-चमचा घासणे-उकळणे सोपे असते. शिवाय बाटलीतून दूध सहज येते, त्यामुळे काही बाळे अंगावर ओढायचा कंटाळा करू लागतात.

बाटली वापरायचीच असेल तर मंद प्रवाहाचे बूच घ्यावे. बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी आणि मध्ये मध्ये थांबावे. बाळाने तोंड फिरवले की थांबावे. 'एवढेसे तर राहिलेय' म्हणून ढकलू नये. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. दोन-चार घोट दूध बाहेर आले आणि बाळ हसतेखेळते असले, तर ते आजारपण नाही.

शी, गॅस आणि रडणे

आईच्या दुधावरच्या बाळाची शी पिवळी, पातळ, मोहरीसारखे कण असलेली असते. सहा आठवड्यांनंतर कधी कधी चार-पाच दिवस होतही नाही. ती मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर काळजी नको. वरचे दूध सुरू झाले की शी घट्ट होते, रंग तपकिरी किंवा हिरवट होतो, वास वाढतो. एवढा बदल अपेक्षितच आहे. खडे होत असतील तर सर्वप्रथम चमच्याचे आणि पाण्याचे माप तपासावे.

संध्याकाळी ठरावीक वेळी बाळ पाय पोटाशी घेऊन तास-तास रडते, त्याला पोटशूळ म्हणतात. तो सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप शमतो. केवळ आईच्या दुधावरच्या बाळांनाही तो होतो. म्हणून रडण्यावरून दर आठवड्याला डबा बदलू नये. नव्या दुधाशी जुळवून घ्यायला पोटाला काही दिवस लागतात. 'लॅक्टोज नसलेले' किंवा सोयाचे दूध तर स्वतःहून मुळीच आणू नये. जन्मजात लॅक्टोज न पचण्याचा विकार अत्यंत दुर्मीळ आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी मात्र काही बाळांत असते. शीत रक्त, अंगावर चट्टे, सतत उलट्या अशी तिची लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे.

गुटी, मध, ग्राइप वॉटर आणि गाईचे दूध

सहाणेवर उगाळलेली बाळगुटी हा आपल्या घरांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, खारीक, बदाम यांचे वळसे मोजून देणारी आजी प्रेमानेच देते. पण सहाण, हात आणि पाणी निर्जंतुक नसते, आणि जायफळ-वेखंडाचे माप थोडे जरी चुकले तरी बाळाला गुंगी किंवा उलट्या येऊ शकतात. म्हणून सहा महिन्यांच्या आत गुटी देऊ नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजीची हौस मालिशीत, अंगाईत आणि दुपट्यांत भागवावी.

मध एक वर्षापर्यंत चाटवू नये. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये १८५१ साली निघाले, आणि त्याच्या मूळ मिश्रणात चक्क मद्यार्क होता. आज तो काढला असला, तरी पोटशूळ त्याने थांबतो असे सिद्ध झालेले नाही.

गाईचे किंवा म्हशीचे दूध, पाणी घालून किंवा न घालता, एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी असते, प्रथिने आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणार नाहीत इतके असतात, आणि आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. 'आमची मुले त्यावरच वाढली' हे खरे आहे, पण पंडुरोग किती मुलांना होता हे तेव्हा कुणी तपासत नव्हते.

कायदा, नोकरी आणि दुधाची पेढी

शिशुदुग्धपर्याय आणि दूधबाटल्यांबाबत आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या दुधाची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापणे यांस मनाई आहे. डब्यावर आईचे दूधच सर्वोत्तम, ही सूचना छापावी लागते. तेव्हा डब्याची निवड दुकानदाराच्या शिफारशीवर न करता डॉक्टरांच्या सांगण्यावरून करावी. वयाचा टप्पा, अखेरची तारीख आणि सील पाहून घ्यावे.

नोकरी करणाऱ्या लेकी-सुनांसाठी २०१७ ची दुरुस्ती महत्त्वाची ठरली. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. कामावर परतल्यावरही बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. हा हक्क आहे, तो मागताना संकोच नको.

अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी दात्या मातांच्या दुधाची पेढी हा तिसरा मार्ग असतो. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. बाळ नवजात अतिदक्षता कक्षात असेल, तर ही सोय आहे का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. ओळखीच्या बाईचे दूध तपासणीविना घेऊ नये.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा अधिक ताप.
- हिरवी उलटी, किंवा प्रत्येक वेळी जोराने लांब उडणारी उलटी.
- शीत रक्त, किंवा पांढरी, मातकट शी.
- सहा ते आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली, तोंड कोरडे.
- फुगलेले, ताठ पोट.
- बाळ सुस्त, पिण्यास नकार.

जुलाब सुरू झाले तरी अंगावर पाजणे थांबवू नये. उलट जास्त वेळा पाजावे. ओआरएस आणि झिंक किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील. रात्री-अपरात्री अडचण आली तर १०८ ची रुग्णवाहिका आहे.

घरातल्या इतरांचे काम

आई दूध देते, पण ते टिकवणे घराचे काम आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर करावी, कारण तिला वेळेवर पोटभर खायला मिळणे आवश्यकच आहे. मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाने पुन्हा पुन्हा ओढण्याने. आजोबांनी पाणी उकळण्याची आणि वही लिहिण्याची जबाबदारी घ्यावी, बाबांनी वाटी-चमचे उकळावेत आणि ढेकर काढावी, आजीने पाहुण्यांची वर्दळ आवरावी. 'दूध आले का गं?' हा प्रश्न भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने विचारण्याची गरज नाही. त्याऐवजी 'तू जेवलीस का?' असे विचारावे.

बाळ सहा महिन्यांचे झाले की भाताची पेज, मुगाचे वरण, मऊ खिचडी, कुस्करलेली फळे यांची वेळ येते. तेव्हा वरच्या दुधाचा हा हिशेब आपोआप सैल होत जातो. आईचे दूध मात्र त्यानंतरही चालू ठेवावे.